काचपेटीतला गोतावळा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि मराठ्यांचा इतिहास अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने झाली. त्या पंक्तीला माशांचा विषय घेऊन बसताना मला थोडा संकोच वाटतो. मराठी मंडळात मासा हा शब्द उच्चारला, की अर्ध्या सभेला सोलकढी आठवते आणि उरलेली अर्धी सभा पदर किंवा रुमाल नाकाशी नेते. परंतु मी ज्या माशांविषयी बोलणार आहे, ते ताटात कधी येत नाहीत. तेव्हा दोन्ही पक्षांनी निर्धास्तपणे ऐकावयास हरकत नाही.

प्रथम एक भेद स्पष्ट करतो. मासे पाळणे वेगळे आणि माशांची वसाहत उभी करणे वेगळे. बाजारातून रंगीबेरंगी दहा मासे आणावेत, काचेच्या टाकीत सोडावेत, दिवाणखाना सजवावा आणि एखादा मेला की दुसरा आणावा, हे झाले मासे पाळणे. वसाहतीत एकाच जातीचे नर, माद्या, पोरेबाळे असा गोतावळा नांदतो. जुने जातात, नवे येतात, परंतु कुळ चालू राहते. अशी वसाहत ज्याच्या घरी आहे, तो त्या कुळाचा केवळ मालक राहत नाही, तर विश्वस्त होतो. माझ्या सांगण्याचे सार एवढेच आहे. ते माझ्या पदरी कसे पडले, हे आता क्रमाने सांगतो.

आफ्रिका खंडाच्या पूर्व भागात भूपृष्ठ दुभंगून जी प्रचंड खचदरी निर्माण झाली, तिच्यात टांगानिका आणि मलावी ही दोन खोल सरोवरे आहेत. मलावी सरोवर, ज्याला पूर्वी न्यासा म्हणत, सुमारे ५८० किलोमीटर लांब आणि सुमारे ७०० मीटर खोल आहे. मलावी, मोझांबिक आणि टांझानिया हे तीन देश त्याच्या काठी आहेत. या एका सरोवरात सिक्लिड कुळातील माशांच्या आठशेहून अधिक जाती असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आणि त्यांतील बहुतेक सर्व जगाच्या पाठीवर दुसरीकडे कोठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाहीत. सरोवराच्या दक्षिण भागातील राष्ट्रीय उद्यानाला १९८४ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तो मुख्यत्वे या माशांमुळेच.

सिक्लिड हे नाव परके वाटले, तरी हे कुळ आपल्याला अगदीच परके नाही. गोव्याकडची मंडळी ज्याला कालुंदर म्हणतात आणि केरळीय ज्याला करीमीन म्हणून केळीच्या पानात भाजतात, तो सिक्लिडच. भारतात या कुळाच्या मूळच्या जाती अवघ्या तीन आहेत, आणि त्यांचे सर्वांत जवळचे नातेवाईक मादागास्कर बेटावर आहेत.

मलावी सरोवरात खडकांच्या आश्रयाने राहणाऱ्या लहान सिक्लिडांना तेथील लोक ‘म्बुना’ म्हणतात. त्यांतली एक जात मी आजच्या भाषणासाठी निवडली आहे. तिचे शास्त्रीय नाव चिंडोंगो सौलोसी. अॅड कोनिंग्ज या अभ्यासकाने १९९० साली तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि सौलोस म्वाले या स्थानिक पाणबुड्याचे नाव तिला दिले. मासा जेमतेम बोटभर लांबीचा. मादी हळदीसारखी पिवळी. प्रौढ नर निळा, अंगावर काळे उभे पट्टे. पिल्ले मात्र सगळीच पिवळी जन्मतात, आणि त्यांतले नर वयात येऊ लागले की रंग पालटतात. त्यामुळे एकच जात ठेवली तरी टाकीत दोन जातींचा भास होतो.

आपल्यात नवा माणूस भेटला, की चहा येण्याआधीच आपण विचारतो, ‘मूळ गाव कोणते?’ या माशाला तोच प्रश्न विचारला, तर उत्तर फार लहान येते. चिझुमुलू बेटाजवळ पाण्याखाली असलेला तैवानी रीफ नावाचा खडकाळ भाग, एवढेच त्याचे मूळ गाव. शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी तेथून इतकी पकड झाली, की आज या जातीची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली आहे. म्हणजे ज्या सौंदर्यासाठी आपण त्याला घरी आणावयाचे, त्याच सौंदर्यामुळे त्याचे घर ओस पडत चालले आहे. म्हणून माझा पहिला नियम असा: सरोवरातून पकडलेला मासा घ्यावयाचा नाही, टाकीत जन्मलेलाच घ्यावयाचा. घरोघरी जितक्या पिढ्या वाढतील, तितकी त्या खडकावरची जाळी कमी पडतील, अशी आशा बाळगावयास जागा आहे.

आता पाण्याकडे वळू. राजस्थानातील आपल्या या शहरात बोअरच्या पाण्याविषयी गृहिणींची तक्रार सर्वांना ठाऊक आहे. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गीझरमध्ये चुन्याचे थर चढतात. परंतु मलावी सरोवराचे पाणीही अल्कधर्मी आहे. त्याचा सामू, म्हणजे पीएच, ७.८ ते ८.६ च्या दरम्यान असतो. आपल्या दृष्टीने जे पाणी वाईट, ते या माशांना मानवते. नाजूक दक्षिण अमेरिकन माशांसाठी येथे जिवाचे रान करावे लागते. म्बुनांसाठी पाण्याशी फारशी लढाई करावी लागत नाही. मात्र येथील भूजलात नायट्रेट आणि क्षार कित्येक ठिकाणी फार जास्त असतात, म्हणून पाणी तपासून घ्यावे आणि गरज पडल्यास त्यात आर.ओ.चे पाणी मिसळावे. याउलट मुंबईसारख्या ठिकाणी, जेथे तलावांत साठलेले पावसाचे मऊ पाणी नळाला येते, तेथील नातलगांनी हा छंद धरला तर त्यांना पाण्यात थोडी भर घालावी लागेल. शंभर लिटर पाण्यात ३ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळविला, की त्याचा कार्बोनेट कठीणपणा साधारण एका जर्मन अंशाने वाढतो. हे काम एकदम न करता हळूहळू करावे.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असावी. हिशेब केला तर ती नऊ घनफूट भरते. म्हणजे सुमारे २५५ लिटर. पाणी, काच आणि दगड मिळून वजन तीनशे किलोंच्या वर जाते, म्हणून स्टँड भक्कम, सपाट आणि भिंतीलगत हवा. वरच्या मजल्यावर खोलीच्या मधोमध अशी टाकी मांडू नये.

वसाहतीचा खरा पाया दगडांचा. येथे आपले राज्य पुन्हा एकदा उदार आहे. कोटा फरशीचे न पॉलिश केलेले तुकडे हे चुनखडीचेच असतात. महाराष्ट्रात शहाबादी फरशी तेच काम करते. धारदार कडा घासून बोथट कराव्यात, दगड उकळत्या पाण्याने धुवावेत आणि थर लावून त्यांच्या कपारी, बोगदे, ओवऱ्या कराव्यात. दगड थेट टाकीच्या तळावर, पातळ थर्मोकोलच्या तुकड्यावर, पक्के बसवावेत आणि मगच भोवताली वाळू घालावी. हे मासे वाळू उकरण्यात पटाईत असतात. वाळूवर रचलेली भिंत ते रात्रीतून पोखरतात आणि ती काचेवर कोसळते. वाळूत संगमरवराची बारीक खडी किंवा कोंबड्यांच्या खाद्यात वापरतात तो शिंपल्यांचा चुरा मिसळला, की पाण्याचा सामू घसरत नाही. खडी चुन्याची आहे की नाही, हे पाहावयाचे तर तिच्यावर व्हिनेगरचा थेंब टाकावा. बुडबुडे आले तर ती कामाची. पोवळ्याचे तुकडे मात्र कोणी देऊ केले तरी घेऊ नयेत. प्रवाळांना आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

टाकी भरली म्हणजे मासे आणावयाची घाई होते. तेथे मनाला आवर घालावा. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. आणि हे शेवटचे द्रव्य पाणी बदलून काढून टाकता येते. या जिवाणूंचा संसार फिल्टरमध्ये थाटला जाण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दह्याला विरजण लागते, तसेच हे आहे. ओळखीच्या निरोगी टाकीतला थोडा स्पंज आपल्या फिल्टरमध्ये घातला, की काम लवकर होते. आफ्रिकन टाकीत ही खबरदारी अधिक महत्त्वाची, कारण अमोनियाचे विषारी रूप अल्कधर्मी पाण्यात बळावते. पंचवीस अंश तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी शंभरात जेमतेम अर्धा भाग विषारी रूपात असतो; सामू ८.२ झाला, की तोच सुमारे आठ भाग होतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालविण्यासाठी जुना हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, आजही उपयोगी पडतो.

आता माणसे, म्हणजे मासे, किती असावेत? नवशिक्याला वाटते, एक जोडी आणावी. म्बुनांच्या बाबतीत जोडीचा प्रयोग बहुधा मादीच्या मृत्यूने संपतो. नर तिचा पाठलाग करकरून तिला जेरीस आणतो. तीन-चार मासे ठेवले तर सर्वांत दुबळ्यावर सगळा राग निघतो. त्याऐवजी तीन-चार सेंटीमीटर लांबीची पंधरा पिल्ले एकदमच आणावीत आणि एकत्र वाढवावीत. संख्या वाढली की भांडण वाटले जाते आणि कोणा एकावर त्याचा भार पडत नाही. मंडळाचे सभासद चार असतील तर एका मतभेदाने मंडळ बंद पडते. चारशे असले की मतभेद होतात आणि गणेशोत्सवही होतो!

वर्षभरात नर ओळखू येऊ लागतात. त्यांतले दोन किंवा तीन ठेवावेत, माद्या सात-आठ असाव्यात, आणि उरलेले नर दुसऱ्या छंदिष्टाला द्यावेत. यात एक मौज पाहावयास मिळते. टाकीत एक नर सत्ताधारी असतो. त्याची निळाई झगझगीत. बाकीचे नर त्याच्यासमोर रंग दाबून, फिके होऊन वावरतात. सत्ताधारी नर टाकीतून काढला, की आजवर फिका राहिलेला एखादा नर लवकरच निळा होऊन मध्यवर्ती कपारीपाशी ठाण मांडतो. कार्यकारिणीच्या निवडणुका जवळ आल्या असल्यामुळे मी यावर अधिक भाष्य करीत नाही.

खाण्याविषयी एकच वाक्य लक्षात ठेवावे: हा मासा दगडावरचे शेवाळ खरवडून खाणारा आहे. त्याचे आतडे लांब असते. मांसल, चरबीयुक्त खाद्याने त्याचे पोट फुगते, खाणे सुटते आणि बहुधा तो हाती लागत नाही. स्पिरुलिनायुक्त खाद्य, वाफवलेला पालक, साल काढलेला मटार असा आहार ठेवावा. दोन वेळा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढाच. आठवड्यातून एक दिवस एकादशी करावी. यांच्या एकादशीला साबुदाण्याची खिचडीही नको. आणि दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे. दाटीवाटीने राहणाऱ्या वसाहतीची सारी भिस्त या एका सवयीवर असते.

एवढे केल्यावर प्रजननासाठी वेगळे काही करावे लागत नाही. नर एका कपारीपाशी जागा साफ करतो आणि मादीपुढे अंग थरथरवीत तिला बोलावतो. दोघे एकमेकांभोवती फेर धरतात. मादी एखाददुसरे अंडे घालते, वळते आणि ते लगेच तोंडात घेते. नराच्या पोटामागच्या परावर अंड्यासारखे पिवळे ठिपके असतात. त्यांकडे तोंड नेताना त्याचे रेत तिच्या तोंडात जाते आणि अंडी फळतात. हे ठिपके म्हणजे अंड्यांची नक्कल होय, ही कल्पना वोल्फगांग विक्लर या प्राणिवर्तनशास्त्रज्ञाने १९६२ साली मांडली. अंडी दहा-वीसच असतात. त्यानंतर साधारण तीन आठवडे, कधी त्याहून काही दिवस अधिक, मादी ती अंडी आणि पुढे पिल्ले तोंडात सांभाळते. या काळात ती जवळजवळ काहीच खात नाही. हनुवटी फुगलेली, तोंड अधूनमधून चघळल्यासारखे हलते आहे आणि खाद्य टाकले तरी ती मागेच राहते, अशी मादी दिसली की समजावे, घरात पाहुणे यावयाचे आहेत. या दिवसांत मुलांना टाकीसमोर बसवावे. मातृत्वावरील निबंधाला याहून चांगले साहित्य मिळणार नाही.

पिल्ले वाचवावयाची तर दोन मार्ग आहेत. तिसऱ्या आठवड्यात, रात्री दिवे मालवून, मादीला अलगद लहान टाकीत हलवावे आणि पिल्ले सुटली की तिला खाऊपिऊ घालून परत आणावे. फार दिवस बाहेर राहिली तर तिला आपली जुनी जागा पुन्हा भांडून मिळवावी लागते. दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे. टाकीच्या एका कोपऱ्यात लहान गोट्यांचा ढीग रचावा. सुटलेल्या पिल्लांतली काही मोठ्यांच्या तोंडी पडतात, काही त्या ढिगात शिरतात आणि बारीक कुटलेल्या खाद्यावर वाढतात. दोन-तीन महिन्यांनी एखादे पिवळे पिल्लू मोठ्यांच्या पंक्तीत येऊन बसलेले दिसते. त्या दिवशी आपली टाकी खऱ्या अर्थाने वसाहत झाली, असे समजावे.

आपल्याकडील ऋतूंचा बंदोबस्तही सांगतो. पाण्याचे तापमान चोवीस ते सत्तावीस अंश ठेवावे. हिवाळ्यात दोनशे ते तीनशे वॅटचा, थर्मोस्टॅट असलेला हीटर पुरतो. उन्हाळ्यात पाणी तापले, की त्यात प्राणवायू कमी राहतो. त्यावर आपला कोरडा वारा हाच उपाय. पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा सोडला, की कूलरच्या न्यायाने पाणी काही अंशांनी उतरते. उडून जाते ते शुद्ध पाणी, क्षार मागेच राहतात; म्हणून उडालेली भर आर.ओ.च्या पाण्याने करावी. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी असावा.

येथवर कृती झाली. आता पुन्हा विश्वस्तपणाकडे येतो.

व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात नाइल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडण्यात आला. १९८० च्या दशकात तेथील लहान सिक्लिडांची अतोनात हानी झाली. गढूळ होत गेलेले पाणी आणि बेसुमार मासेमारी हीही त्याची कारणे होती. सुमारे दोनशे जाती नाहीशा झाल्या असाव्यात, असा अंदाज अभ्यासकांनी वर्तविला. त्या सरोवरातल्या काही जातींचा वंश टिकविण्याचे काम मत्स्यालयांनी आणि हौशी लोकांनी आपल्या टाक्यांतून केले. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. दिवाणखान्यातली टाकी एखाद्या जातीची वखार ठरू शकते, पण केव्हा? ती जात निर्भेळ असेल तेव्हाच. म्बुनांच्या जवळच्या जाती एकत्र ठेवल्या तर त्यांचा संकर सहज होतो आणि जी पिल्ले होतात, त्यांना कोणतेच मूळ गाव नसते. म्हणून एका टाकीत एकच जात ठेवावी. एक वही करावी. मासे कोणाकडून आणले, त्यांचे मूळ स्थान कोणते, पिल्ले केव्हा सुटली, कोणाला दिली, हे तीत लिहावे. काही पिढ्यांनी दुसऱ्या छंदिष्टाशी मासे बदलून नवे रक्त आणावे. सोयरिकी जुळविण्यात हे मंडळ पन्नास वर्षे मुरलेले आहे. एवढे काम त्याला कठीण नाही.

आणि शेवटचा नियम, ज्याला अपवाद नाही: टाकीतला मासा नदीत, तलावात, विहिरीत कधीही सोडावयाचा नाही. दया म्हणूनही नाही, पुण्य म्हणूनही नाही. मोझांबिकचा तिलापिया १९५२ साली आपल्या देशात आणला गेला. आज तो देशभरच्या जलाशयांत पसरला आहे. महाराष्ट्रात उजनीच्या काठचे लोक त्याला चिलापी म्हणून ओळखतात. तोही आफ्रिकन सिक्लिडच. व्हिक्टोरिया सरोवरात परक्या माशाने जे केले, ते आपल्या तळ्यांत आपल्या हातून होऊ नये. जेथे तो परका आहे, तेथे त्याचे घर काचेच्या आत.

वसाहत रुळली, की पिल्ले घरात मावेनाशी होतात. सभासदांपैकी ज्यांना ती हवी असतील, त्यांनी अवश्य मागावयास यावे. किंमत पडणार नाही. अट एवढीच, की टाकी आधी महिना-दीड महिना मुरलेली असावी आणि येताना कोरी वही आणावी. पहिल्या पानावर ‘मूळ गाव : तैवानी रीफ, मलावी सरोवर’ एवढी ओळ मी स्वतः लिहून देईन. पुढची पाने आपण भरावयाची.